मासळी न खाणारा राखणदार

माझ्या सासूने आयुष्यात एकच कुत्रा पाळला आणि तो मुंबईच्या पांजरपोळातून आणला. आमच्या कोळीवाड्यात कुत्र्यांचा काय तोटा होता? रेवसच्या धक्क्यावरून घरी यायचं म्हटलं तर पायापायांत कुत्री यायची. पण त्यांतलं एकही सासूला नको होतं. कारण अगदी साधं होतं. आमची कुत्री मासळी खायची.

आमचं घर सुक्या मासळीवर चालायचं. होडी आली की बोंबलांच्या जोड्या करायच्या, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि त्या जोड्या वलांडीवर टांगायच्या. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांवर ताणलेले दोर. बारीक कोळंबीसारखा जवळा मात्र खाली, शेणाने सारवलेल्या खळ्यावर पसरायचा. मग दोन-तीन कडक उन्हं लागली की माल तयार. तोवर त्याची राखण करायची. वरून कावळे आणि घारी, खालून मांजरं आणि कुत्री. सगळ्यांना आमच्याच खळ्यावर पंगत बसल्यासारखं वाटायचं.

ही राखण माझ्याकडे होती. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा माझं लग्न झालं. माझा बाप लाँचवर कामाला होता, त्याने मला हौसेने सातवीपर्यंत शिकवलं होतं. सासरी आल्यावर त्या सातवीच्या हातात काठी आली आणि मी उन्हात बांबूला टेकून उभी राहिले. नवरा चार-चार दिवस दर्यावर, सासरे आधीच वारलेले, घरात बोलायला सासू एकटी, आणि ती बोलायची म्हणजे काय, तोफच. एखादा कावळा बोंबील घेऊन उडाला की तिचं सुरू व्हायचं, "सात यत्ता शिकली आनि हिला कावला हाकवता येत न्हाय!" मला राग यायचा. कावळे हाकलण्याची यत्ता शाळेत नसते, हे तिला सांगायची छाती मात्र नव्हती.

सासू सुक्या मासळीच्या पाट्या घेऊन लाँचने भाऊच्या धक्क्यावर जायची आणि तिथून पुढे गिऱ्हाइकांकडे पायी. वाटेत एक पांजरपोळ लागायचं. म्हातारी गुरं, लंगडे बैल, सापडलेली कुत्री, सगळी तिथे ठेवलेली असत. त्याच्या भिंतीची सावली चांगली होती, म्हणून सासू तिथे पाटी उतरवून दम खायची. एकदा गजांच्या आत कुत्र्यांचं जेवण चाललं होतं. मोठ्या परातीत दूध आणि त्यात बाजरीचा रोटला कुस्करलेला. सासूची पाटी गजांना लागून होती, त्यात बोंबील शिगोशीग भरलेले. आणि एकही कुत्रा उठून हुंगायला आला नाही.

त्या दिवशी ती घरी आली ती पाणीसुद्धा न पिता बोलायलाच लागली.

"नाकाखाली पाटी होती. एक पन उठला न्हाय. दूध चाटतान आनि झोपतान."

नवरा घरीच होता. तो हसायला लागला. "बय, त्यांना मासली म्हंजे काय तेच म्हाईत न्हाय."

"त्येच म्हनते मी!" सासू म्हणाली. "मासली न खानारा कुत्रा खल्यावर बसवायचा. काव्ल्यांना हाकवील, दुसऱ्या कुत्र्यांना हाकवील, आनि सोता तोंड लावनार न्हाय."

खरं सांगते, मला ते पटलं. माझी काठी सुटणार होती.

पुढच्या खेपेला सासूने मला बरोबर नेलं. शिकलेल्या माणसांशी बोलायचं म्हणून शिकलेली सून. पण तिथे गेल्यावर बोलली तीच. पांजरपोळाचा मुनीम काळी टोपी घालून बैठ्या मेजाशी बसला होता. त्याने आमची गुडघ्यावर कसलेली लुगडी पाहिली, पाट्या पाहिल्या, नाकाला उपरण्याचं टोक लावलं.

"बेन, तुम्ही कोळी लोक ना? तुमच्या घरी याला काय खायला देणार?"

"भाकरी," सासू म्हणाली. "दूध. त्याला काय लागंल ते."

"मांस-मच्छी नाय चालणार. इथून जनावर नेणाराला वचन द्यावं लागते. आमचे शेठलोकांचा नियम हाय. तुमच्या देवाची सोगंद घ्या. मच्छी देणार नाय, मारणार नाय, रस्त्यावर सोडणार नाय. नाय जमला तर इथे परत आणून द्यायचा."

आता देवाचं नाव घेऊन शपथ घेतली असती तर काम भागलं असतं. पण माझ्या सासूला कुठलीच गोष्ट बेताने करता येत नसे. माप घालतानाही ती वर एक मूठ जास्त टाकायची. तिने जोडलेले हात कपाळाला लावले आणि म्हणाली, "देवीआयेची आन. आनि दर्यावर हाय तो माजा एकलता सोकरा, त्याच्या जिवाची आन. या कुत्र्याच्या पोटात मासलीचा काटा पन जानार न्हाय."

मुनिमाने एवढं मागितलंही नव्हतं. तिचा सोकरा म्हणजे माझा नवरा. त्याचा जीव असा एका कुत्र्याच्या पोटाला बांधून ती मोकळी झाली, आणि मला कुणी विचारलंही नाही.

कुत्रा मिळाला तो तांबूस, एक कान फाटलेला. अगदी लहान असताना ट्रामखाली मागचा पाय सापडला होता, तेव्हा कुणीतरी उचलून पांजरपोळात टाकला. तेव्हापासून रोटला आणि दूध. चालताना तो मागून एक उडी घेतल्यासारखा चालायचा. सासूला दांडगा कुत्रा हवा होता, पण मुनीम म्हणाला, हा शांत आहे, माणसाजवळ राहतो. लाँचवर तो माझ्या पायांशी बसला आणि रेवस येईपर्यंत शिंकत होता. आजूबाजूला रिकाम्या पाट्या, त्यांचा वास त्याच्या नाकात तपकिरीसारखा जात असणार. लोक हसत होते. माझ्या मनात आलं, बाबा रे, या रिकाम्या पाट्यांनी तुझी ही गत, तर पुढे तुझं कसं व्हायचं?

वाड्यात बातमी आधीच पोचली होती. बायका बघायला आल्या. मासळी खात नाही म्हटल्यावर कुणीतरी त्याला 'शेठ' म्हणून हाक मारली आणि तेच नाव पडलं. "शेठ, पेढीवर बसा!" "शिवू नको गो, सोवल्यातला हाय तो!" शेजारणींना महिनाभर दुसरा विषय नव्हता. सासू त्यांच्या तोंडाला लागली नाही. तिने त्याला खळ्याच्या मधोमध नेऊन बसवलं.

राखण त्याने केली, अगदी मनापासून केली. कावळा बांबूवर उतरला की हा तीन पायांवर झेपावत जायचा. वाड्यातली कुत्री लांब उभी राहून गुरगुरायची, पण आत पाऊल टाकायची नाहीत. आणि बोंबलांकडे तो ढुंकूनही पाहत नसे. माल पूर्वी घटायचा तो घटेना. सासूची मान अशी ताठ झाली की विचारू नका. ज्या बायका हसल्या होत्या, त्याच विचारायला लागल्या, "मुंबैला आनिक हायत का गो असलं?"

पण तो जेवेना. ते सासूने पाहिलं नाही, मी पाहिलं. आमच्या घरात मासळीचा वास लागलेला नाही असं भांडं नव्हतं. तव्याला, पाट्याला, मडक्याला, सगळ्याला तो वास. तांदळाची भाकरी पुढे ठेवली की तो हुंगायचा आणि मान जमिनीवर टेकायचा. भाकरीशेजारी असं उपाशी पडलेलं जनावर मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शेवटी मी कुंभाराकडून नवी खापरी आणली, ती घराच्या मागे वेगळी ठेवली, आणि फक्त त्याच्यासाठी तिच्यावर भाकरी भाजायला लागले. कोळीवाड्यात गाय-म्हैस कुणाकडे नाही. दुधासाठी मिठागराच्या बांधावरून पलीकडच्या आगरी पाड्यावर जायचं. नवरा घरी आला की कोरा चहा प्यायचा आणि म्हणायचा, "शेठचं दूध झाला का? मंग मना काला पानी द्या."

मी चिडायचे. काठी गेली आणि खापरी आली, यात माझं काय भलं झालं? पण बांधावरून दूध घेऊन येताना तो अर्ध्या वाटेवर येऊन बसलेला दिसायचा, आणि मला पाहिल्यावर त्याचं मागचं सगळं अंग हलायचं. नवरा दर्यावर असताना दिवसभर त्या खळ्यावर मी आणि तो. मी त्याला माहेरच्या गोष्टी सांगायचे, सासूच्या चहाड्या सांगायचे. माझा जीव त्याच्यावर कधी जडला ते मला कळलंच नाही.

फाल्गुनात पाड्यावरची म्हैस आटली. दूध बंद झालं. मग पेज, गुळाचा खडा, कोरडी भाकरी. ते तो कसंबसं खायचा. उन्हाळा वाढला तशा त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. समोर शेकड्यांनी बोंबील लटकताहेत, खाली जवळा पसरलाय, आणि मध्ये हा हाडांचा सापळा राखण करतोय. मला ते बघवत नसे. एखादा बोंबील भाजून पुढे टाकावा असं कितीदा मनात यायचं. पण शपथ नवऱ्याच्या जिवाची. हात पुढे होत नसे.

आणि मग जवळ्यानेच घोटाळा केला. कावळ्यामागे धावताना तो पसरलेल्या जवळ्यावरून जायचा. ओला जवळा पंज्यांना चिकटायचा. कुत्र्याची जात, बसला की पंजे साफ करणार. पहिल्यांदा चाटलं तेव्हा तो शिंकला आणि जीभ बाहेर काढून बसला. असं बरेच दिवस चाललं. मग एके दिवशी तो शिंकला नाही. पंजे चाटून झाल्यावर उठला, जवळ्यावरून एक चक्कर मारली, परत बसला, परत चाटायला लागला.

मी काय त्याच्या पायांत मोजे घालणार होते? पाण्याचा तांब्या घेऊन त्याचे पंजे धुवायला लागले. धुतले की तो परत जायचा. खांबाला बांधून ठेवला, तर कावळ्यांची जत्रा भरली आणि सासू घरातून ओरडत आली. सोडावाच लागला. सासूला सांगावं, तर ती दुसऱ्या दिवशी त्याला लाँचवर चढवणार. न सांगावं, तर शपथ. मी खळ्यावर बसून त्याच्याकडे बघत राहायचे आणि देवाला म्हणायचे, पंज्यावरचा जवळा मोजू नकोस.

नवरा आला तेव्हा त्याला सांगितलं. तो खदखदून हसला. "कोलीवाड्यात राहून मासली खाल्ली न्हाय त तो कुत्रा कसला?"

"आन तुमच्या जिवाची हाय," मी म्हटलं.

त्याचं हसू थांबलं. मग म्हणाला, "दर्याला काय दुसरी कामा न्हाईत? शेठचं पंजं बगत बसंल तो?" पण निघताना खळ्यावरून जाताना त्याने कुत्र्याला पायाने हळूच जवळ्यातून बाजूला सारलं. ते मी पाहिलं.

शेठ भरायला लागला. अंगावर तुकतुकी आली. सासू शेजारणींना सांगायची, "आता भाकरी मानवली त्याला." मी मान खाली घालून बोंबील उलटत राहायचे.

वैशाखाचे शेवटचे दिवस होते. पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आधीची ती शेवटची फेरी, आणि नवरा बाहेर होता. वाळवणही शेवटचंच, म्हणून खळं, वलांड्या सगळं भरलेलं. दुपारी उत्तरेकडून काळं आलं आणि वारा असा सुटला की उभं राहता येईना. सगळा वाडा माल गोळा करायला धावला. आमची एक वलांडी कडकड मोडून खाली आली. बोंबील धुळीत पडले. मी आणि सासू हातांनी, सुपांनी, पाट्यांत भरत होतो. डोळ्यांत वाळू जात होती.

त्या गडबडीत शेठने एक बोंबील उचलला. लपून नाही, घाईने नाही. आमच्या मधोमध बसला, पुढच्या दोन पंज्यांत तो धरला आणि खायला लागला. डोळे अर्धे मिटून, चवीने.

सासूने पाहिलं. तिच्या डोक्यावर पाटी होती, ती तिने खाली ठेवली. तिने त्याला मारलं असतं तर मी मध्ये पडले असते, भांडले असते. पण ती नुसती मटकन खाली बसली.

"माज्या सोकऱ्याला खाल्ला यानं," ती म्हणाली.

रात्र कशी गेली ते सांगत नाही. सकाळी वारा पडला होता, पाऊस थांबला होता. एकेक करून दुसऱ्या होड्या आल्या. ज्यांचे आले त्या बायका घरी गेल्या, उरलेल्या आम्ही किनाऱ्यावर. आमची होडी त्या दिवशीही आली नाही. कुणी म्हणालं, वाऱ्याने खाली ढकलली असेल. तेव्हा माझी सातवी कुठल्या कुठे गेली. मला पंजेच दिसत होते. मी ते धुतले होते, पण पुरते धुतले नव्हते, एवढंच डोक्यात फिरत होतं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी लाँच सुरू झाली. सासूने शेठच्या गळ्यात दोर बांधला.

"मी येते," मी म्हटलं.

"तू हितं ऱ्हा. तो आला त घरात कोन नको?"

मी धक्क्यापर्यंत गेले. दोर सासूच्या हातात होता आणि तो माझ्याकडे वळून वळून बघत होता, शेपूट हलवत. त्याला वाटलं असणार, मीही येणार. मी तो दोर धरू शकले असते. पण धरला आणि नवरा आला नाही, तर? ज्या बाईचा नवरा दर्यावर हरवलाय तिने कुत्र्यासाठी भांडायचं कसं? लाँच लागली तेव्हा शेठने स्वतःच आत उडी मारली. मागचा पाय घसरला, तो खलाशाने उचलून आत घेतला. लाँच लांब जाईपर्यंत मी तिथेच उभी होते.

आणि दुपारी होडी आली. शीड फाटलेलं, पण माणसं सगळी धड. वाऱ्याने त्यांना खाली नेलं होतं, ते राजपुरीच्या खाडीत शिरून राहिले होते. म्हणजे सासू लाँचवर चढली त्याच्या आधीच ते सुखरूप होते, वाटेलाही लागले होते. हे मी मनातल्या मनात जुळवलं. पण ते सांगणार कुणाला? मी नवऱ्याच्या गळ्यात पडून रडले. वाड्यासमोर असं कुणी करत नसे, मी केलं. त्याला भात वाढला. दोन दिवसांचा उपाशी माणूस, तो खातच होता तेवढ्यात सासू दारात आली.

तिने त्याला पाहिलं. हातातला रिकामा दोर तसाच धरून ती त्याच्याजवळ बसली आणि त्याच्या तोंडावरून, डोक्यावरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बगलास? दिला तसा आला."

"कोन दिला?" नवऱ्याने विचारलं. मग त्याला दोर दिसला. "शेठ कुठं हाय?"

सासूने दोर गुंडाळून बाजूला ठेवला. त्याने हातातला घास ताटात ठेवला. मग परत उचलून खाल्ला. ज्याच्यासाठी कुत्रा दिला होता तो माणूस समोर जेवत होता. कुत्रा परत आणा म्हणणं म्हणजे याला परत पाठवा म्हटल्यासारखं झालं असतं.

मग पाऊस लागला. होड्या ओढल्या, लाँच बंद झाली, आणि मुंबई असून नसल्यासारखी झाली. एकदा नवरा छपराची गळती बघता बघता म्हणाला, "पावसाला सरला की आनू त्याला." सासू म्हणाली, "मी मेल्यावर आन." त्याने पुन्हा विषय काढला नाही. मी खापरी माळ्यावर टाकली.

नारळी पुनव झाल्यावर लाँच सुरू झाली. आधीच्या साठवणीतला माल विकायला सासूने मला बरोबर घेतलं. पांजरपोळापाशी आल्यावर मी थांबले. तिला कळलं. ती दोन्ही पाट्या घेऊन भिंतीच्या सावलीत बसली आणि तोंड रस्त्याकडे केलं.

मुनिमाने मला ओळखलं. आत सोडायच्या आधी नळ दाखवला, साबणाची वडी दिली. "हात धुवा बेन. इथे मच्छीचा वास चालत नाय." मी कोपरापर्यंत हात धुतले.

"बरं झालं आलात," तो म्हणाला. "तुमचा कुत्रा जेवत नाय. दूध ठेवतो, सुंघतो, बसून राहते. अगदीच राहवलं नाय तर दोन तुकडे रोटला खातो. डॉक्टरला दाखवला. डॉक्टर बोलतो, रोग नाय काय." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही लोकांनी याला काय खिलवला?"

"आम्ही न्हाय खिलवला," मी म्हटलं. "जवळा पंज्याला लागला. त्याने चाटला."

मुनिमाने डोळे मिटले. वाईट माणूस नव्हता तो. टोपी काढून त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "घेऊन जाव. इथे मरून जाईल. पण सोगंद घ्यावी लागेल, पहिल्यासारखीच. त्याच्याशिवाय दरवाज्याबाहेर नाय देता येत. मी पण नोकर माणूस." आणि मग आवाज खाली करून, "तुम्ही सोगंद घ्या. घरी काय होते, ते मी बघायला येणार नाय."

त्याने दार उघडून दिलं होतं. मी खोटी शपथ घ्यायची, एवढंच. देवाची घेतली असती, माझ्या स्वतःच्या जिवाची घेतली असती. पण मी शपथ कशाचीही घेतली तरी आमच्या घरात ती एकाच माणसावर पडणार होती. होडीला एक दिवस उशीर झाला की सासू कुत्र्याकडे बघणार, आणि मीही बघणार. होडी त्या दिवशीही बाहेरच होती.

"न्हाय जमायचं," मी म्हटलं.

मुनिमाने मान हलवली. मग उठून मला मागच्या अंगणात घेऊन गेला. शेठ भिंतीशी पडला होता. पुढ्यात दुधाची थाळी, त्यावर माशा. पाठीचा कणा दोरासारखा वर आलेला. मी हाक मारली. तो उठला, मागचा पाय आता उचलतही नव्हता, तसाच फरफटत आला. मला वाटलं, शेपूट हलवील. त्याने हलवली नाही. सरळ नाक माझ्या हातांत घातलं आणि चाटायला लागला. आधी तळवा. तिथे साबणाचा वास लागला असेल, तिथून तो बोटांवर आला, आणि मग बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना, जिथे साबण पोचला नव्हता तिथे. आत आत जीभ घालून चाटत होता. कण्हत होता. त्याने मला ओळखलं होतं की मासळीला, मला सांगता येणार नाही. मी बोटं फाकवून धरली. माझ्याजवळ त्याला द्यायला तेवढंच होतं. मुनीम गोठ्याकडे तोंड करून उभा राहिला.

लाँचची वेळ झाली तेव्हा मी उठले. फाटक लावून घेतलं ते मुनिमाने, मला लावता आलं नसतं.

लाँच सुटली, मुंबई मागे पडली, तेव्हा पाण्याकडे बघतच सासूने विचारलं, "जेवतो का तो?"

"जेवतो," मी म्हटलं. "दूध पितो."

"बरा झाला," ती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. माझ्या बोटांवर त्याची लाळ वाळत आली होती. मी हात मांडीवर उघडे ठेवून बसले होते.